चिप हातात येण्याआधी

नव्या चिपचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं जातं तेव्हा चिप कुठेच नसते. डिझाइन टीमकडे हार्डवेअरच्या भाषेत लिहिलेला कोड असतो, शेकडो पानांचं स्पेक, म्हणजे चिप कशी वागेल याचं लेखी वर्णन असतं, पण बूटलोडर (यंत्र सुरू होताच चालणारा पहिला प्रोग्राम) चढवून बघावा असं टेबलावर काहीही नसतं. टेप-आउटनंतर, म्हणजे डिझाइन कारखान्याकडे रवाना झाल्यावरही, पहिले नमुने यायला काही महिने जातात. आणि नमुने आले की सगळ्यांना एकच हवं असतं: लगेच लिनक्स चालू झालेलं दिसलं पाहिजे. म्हणजे सगळं सॉफ्टवेअर आधीच लिहून, तपासून तयार हवं. कशावर तपासायचं, हा प्रश्न सुटल्याशिवाय हे जमत नाही.

अशा एका प्रकल्पात मी फर्मवेअर आणि ड्रायव्हरच्या बाजूला होते. चिपमध्ये चार ६४-बिट आर्म कोर होते, इंटरप्ट (डिव्हाइसनं प्रोसेसरला दिलेली हाक) कंट्रोलर आणि सीरियल पोर्ट ओळखीचे होते. नेटवर्क कंट्रोलर आणि त्याचं डीएमए इंजिन (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट वाचणारा-लिहिणारा भाग) मात्र आमच्याच हार्डवेअर टीमनं पहिल्यांदा डिझाइन केलेलं. हे पूर्ण मशीन आधी सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं आणि उद्या बोर्डावर जाणारी बायनरीच, एक बाइटही न बदलता, त्यावर चालवायची असं ठरलं. फुल-सिस्टम सिम्युलेशन म्हणतात ते हेच. यात फक्त प्रोसेसरच्या सूचना चालवून भागत नाही. मेमरी, टायमर, इंटरप्ट, डिस्क, नेटवर्क, सगळं असावं लागतं. सिम्युलेटरच्या आत चालणाऱ्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, आपण खऱ्या यंत्रावर नाही याचा पत्ता लागता कामा नये.

ही पद्धत नवी नाही, आणि तिचा इतिहास वाचल्यावरच माझा तिच्यावर विश्वास बसला. १९७५ साली पॉल अ‍ॅलन आणि बिल गेट्स यांनी अल्टेअर या सुरुवातीच्या मायक्रोकॉम्प्युटरसाठी बेसिक ही भाषा तयार केली तेव्हा अल्टेअर त्यांच्याकडे नव्हताच. अ‍ॅलननं हार्वर्डच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर अल्टेअरमधल्या ८०८० प्रोसेसरचा सिम्युलेटर लिहिला, बेसिक त्यावर तयार झालं, आणि खऱ्या अल्टेअरवर ते पहिल्यांदा चाललं ते थेट अल्बुकर्कीत, ग्राहकासमोर. नव्वदच्या दशकात स्टॅनफर्डला मेंडेल रोझेनब्लम यांच्या गटानं सिमओएस हा सिम्युलेटर बांधला. त्यावर आयरिक्स ही अख्खी व्यावसायिक ऑपरेटिंग सिस्टम चालत असे. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरचं उदाहरण. ऑप्टेरॉन बाजारात आला २००३ च्या एप्रिलमध्ये. पण नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टम त्या आर्किटेक्चरवर २००१ मध्येच उभी राहिली होती, सिमिक्स या सिम्युलेटरवर. लिनक्सचं कामही चिप येण्याआधी त्यावरच सुरू झालं. सिमिक्सचं मूळ स्वीडिश इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर सायन्समधलं. १९९८ मध्ये त्यातून व्हर्चुटेक कंपनी निघाली आणि २०१० मध्ये इंटेलनं ती विकत घेतली. चिप विकणाऱ्या कंपनीला सिम्युलेटर स्वतःच्या घरात हवासा वाटला, यावरून त्याचं मोल कळतं.

आमच्यासमोर पहिला प्रश्न होता कोणतं साधन घ्यायचं. इथे लोकांची एक गल्लत होते, म्हणून थोडं थांबते. ‘अचूक सिम्युलेटर’ असं म्हटलं की कोणत्या अर्थानं अचूक, हे आधी विचारावं. आमच्याकडे आरटीएल सिम्युलेशन, म्हणजे हार्डवेअरच्या भाषेतला तो मूळ कोडच चालवून बघणं, होतंच. ते प्रत्येक क्लॉकला प्रत्येक फ्लिप-फ्लॉप दाखवतं. पण पूर्ण चिपसाठी त्याचा वेग सेकंदाला काही शे ते काही हजार सायकल एवढाच. लिनक्स बूट व्हायला अब्जाच्या घरातल्या सूचना लागू शकतात. त्या वेगानं वाट बघत बसलो असतो तर चिप आधी आली असती. जेम५ सारखा सिम्युलेटर पाइपलाइन आणि कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) यांचं तपशीलवार मॉडेल करतो. २०११ मध्ये मिशिगनचा एम५ आणि विस्कॉन्सिनचा जेम्स हे दोन प्रकल्प एकत्र येऊन तो झाला. कॅश केवढी ठेवावी, प्रीफेचर (पुढे लागेल ते आधीच आणून ठेवणारा भाग) कामाचा आहे का, असे आर्किटेक्टचे प्रश्न त्याला विचारावेत. आम्हाला हवं होतं वेगळंच: सूचनांचा अर्थ बरोबर, रजिस्टरचं (डिव्हाइसला हुकूम द्यायच्या आणि त्याची स्थिती वाचायच्या ठरावीक जागांचं) वागणं बरोबर, आणि वेग इतका की माणूस समोर बसून काम करू शकेल.

म्हणून आम्ही क्यूएमू घेतला. फॅब्रिस बेलार्डनं २००३ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प. तो पाहुण्या (म्हणजे नक्कल करायच्या) प्रोसेसरच्या सूचनांचे तुकडे आपल्या मशीनच्या सूचनांमध्ये भाषांतरित करतो, ते साठवून ठेवतो, आणि पुन्हा तिथे आला की साठवलेलं भाषांतर थेट चालवतो. त्यामुळे साध्या सर्व्हरवर आमचं कर्नल मिनिटाच्या आत शेलपर्यंत, म्हणजे आज्ञा टाइप करता येतात तिथवर, पोचायचं. आर्मचे कोर, इंटरप्ट कंट्रोलर, सीरियल पोर्ट त्यात तयारच होते. नव्हता तो आमचा नेटवर्क कंट्रोलर. त्याचं मॉडेल लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मॉडेल लिहिणं म्हणजे वरवर पाहता अगदी सरळ काम. रजिस्टरच्या पत्त्यांचा एक पट्टा नोंदवायचा. कोणी त्या पट्ट्यात वाचलं की एक फंक्शन चालतं, लिहिलं की दुसरं. कंट्रोल रजिस्टरमधला ‘सुरू’ बिट लागला की डिस्क्रिप्टर रिंग (पॅकेट कुठे ठेवायचं हे सांगणाऱ्या नोंदींची गोल रांग) वाचायची, पॅकेट उचलायचं, मेमरीत ठेवायचं, इंटरप्ट लावायचा. मी स्पेक उघडून पान पान लावत कोड लिहू लागले, आणि थोड्याच वेळात लक्षात आलं की प्रत्येक पानाला मी थांबते आहे. वाचताना जे वाक्य स्पष्ट वाटतं ते कोडमध्ये उतरवताना अडतं. माणूस वाचताना मधली जागा आपोआप भरून काढतो. कंपायलरला मात्र प्रत्येक शक्यतेचं उत्तर द्यावं लागतं.

उदाहरणार्थ, स्पेकमध्ये लिहिलं होतं की स्टेटस रजिस्टर वाचलं की त्यातले बिट आपोआप साफ होतात. बरं. पण ज्या क्षणी प्रोसेसर वाचतो त्याच क्षणी नवं पॅकेट आलं तर? नवा बिट वाचलेल्या किमतीत दिसेल, की पुढच्या वाचनासाठी राहील, की दोन्हींच्या मध्ये हरवेल? स्पेक गप्प होतं. शिवाय ‘वाचलं की साफ’ रजिस्टरला आणखी एक दोष आहे. डीबगरनं ते रजिस्टर नुसतं बघितलं तरी बिट साफ होतो आणि ड्रायव्हरला घटना कळतच नाही. सिमिक्समध्ये यासाठी ‘फक्त चौकशी’ असा वेगळा प्रवेश असतो, ज्यात रजिस्टरची किंमत दिसते पण परिणाम घडत नाही. खऱ्या चिपवर अशी सोय कुठून येणार? मी हा मुद्दा डिझाइन टीमकडे नेला. आरटीएल अजून गोठवलेलं नव्हतं. त्यांनी ते रजिस्टर बदललं: ज्या बिटवर १ लिहाल तोच साफ होईल, बाकी आहेत तसे राहतील. मॉडेल अजून धड चालतही नव्हतं, तोवर त्यानं चिपमध्ये एक बदल घडवला होता.

दुसरा प्रश्न जास्त खोल होता. ‘पॅकेट पूर्ण आल्यावर डिस्क्रिप्टर अद्ययावत होतो व इंटरप्ट दिला जातो,’ असं एक वाक्य. मॉडेलमध्ये हे दोन ओळींचं काम: आधी मेमरीत लिहा, मग इंटरप्टची तार उचला. क्रम पक्का. चिपमध्ये मात्र मेमरीतलं लेखन बसवरून, म्हणजे चिपमधल्या सामायिक वाटेवरून, जातं, वाटेत रांगेत थांबतं. इंटरप्ट स्वतःच्या वेगळ्या तारेनं थेट जातो. इंटरप्ट आधी पोचला आणि ड्रायव्हरनं डिस्क्रिप्टर वाचला तर त्याला जुनीच किंमत दिसेल. त्याला वाटेल काही आलंच नाही, तो परत जाईल, आणि पुढचं पॅकेट येईपर्यंत हे पॅकेट तिथेच पडून राहील. मी विचारलं, ‘लेखन पोचल्याची पावती बसकडून आल्यावरच इंटरप्ट लागतो का?’ डीएमए ब्लॉक लिहिणारे म्हणाले, ती काळजी इंटरप्टवाला ब्लॉक घेतो. इंटरप्टवाले म्हणाले, आम्हाला संकेत येतो तो पावतीनंतरच येतो असं आम्ही धरून चाललो आहोत. दोघांचंही काम आपापल्या जागी चोख होतं. मधली जबाबदारी कोणाचीच नव्हती. एक बैठक झाली, आणि पावतीची वाट बघणं डीएमए ब्लॉकमध्ये आलं.

त्यानंतर मॉडेलमध्ये मी मुद्दाम एक स्विच ठेवला, जो लावला की इंटरप्ट लेखनाच्या आधी जातो. हार्डवेअर आता तसं वागणार नव्हतं, तरी ड्रायव्हर अशा वेळी काय करतो हे बघणं गरजेचं होतं.

असे प्रश्न येतच राहिले. रिंगचं डोकं आणि शेपूट एकाच जागी असेल तर रिंग रिकामी की भरलेली? इंजिन बंद असताना शेपटीचं रजिस्टर लिहिलं तर ते लक्षात ठेवलं जातं की सोडून दिलं जातं? डीएमए अर्ध्यात असताना रीसेट दिला तर बसवरचं उरलेलं लेखन पूर्ण होतं का? मी एक फाइल ठेवली: प्रश्न, कोणी उत्तर दिलं, स्पेकमध्ये कुठे दुरुस्ती झाली. माझ्या मते सिम्युलेशनची सगळ्यात मोठी कमाई ही फाइल आहे, आणि सॉफ्टवेअर लवकर सुरू करता आलं ही तिच्यानंतरची. स्पेक वाचून परीक्षण करणारे अनुभवी लोक होते, त्यांनी मनापासून वाचलंही होतं. पण चालणारी गोष्ट लिहिण्याइतकं कठोर वाचन दुसरं नाही.

मॉडेल चालू लागल्यावर एक वेगळीच काळजी घ्यावी लागते. सिम्युलेटर स्वभावानं फार दयाळू असतो. क्यूएमू सुरू होतो तेव्हा सगळी मेमरी शून्यानं भरलेली असते. खऱ्या डीरॅममध्ये वीज आल्यावर काहीही कचरा असू शकतो. एखादा चलघटक शून्य करायला विसरलेला कोड सिम्युलेटरवर वर्षभर सुखानं चालेल. म्हणून आम्ही सुरुवातीलाच मेमरीत विचित्र नमुने भरून मग बूट करायला लागलो, आणि दर वेळी नमुना बदलू लागलो. आर्मच्या टायमरची फ्रीक्वेन्सी सांगणारं एक रजिस्टर असतं. ते भरायचं काम फर्मवेअरचं. क्यूएमूमध्ये त्यात आधीपासून ठीकठाक किंमत असते. खऱ्या चिपवर रीसेटनंतर तिथे काय असेल याची हमी आर्किटेक्चर देत नाही. आम्ही आमच्या मशीनमध्ये ते रजिस्टर शून्यावर आणलं. फर्मवेअरमधली ओळ राहून गेली असेल तर ती पहिल्याच बूटला कळावी, एवढाच उद्देश.

क्लॉकचंही तसंच. खऱ्या चिपमध्ये ब्लॉकचा क्लॉक, म्हणजे त्याला चालवणारा ठोका, चालू न करता त्याच्या रजिस्टरला हात लावला तर उत्तर येत नाही, बस अडकते आणि सगळं मशीन जिथल्या तिथे थिजतं. साध्या मॉडेलमध्ये क्लॉक ही गोष्टच नसते; विचारलं की उत्तर मिळतं. मी क्लॉक कंट्रोलरचं छोटंसं मॉडेल लिहिलं आणि प्रत्येक ब्लॉकला त्याच्याशी बांधलं. क्लॉक बंद असताना कोणी आलं तर लॉगमध्ये ओरडून सांगायचं आणि बस एरर द्यायची. पीएलएल (क्लॉक तयार करणारं सर्किट) ‘लॉक’ झाल्याचा बिट, रीसेट पूर्ण झाल्याचा बिट, हे लगेच न लावता आभासी टायमरनं थोडे उशिरा लावले. त्यामुळे नुसती वाट बघत बसणारे, वेळमर्यादा नसलेले लूप उघडे पडले.

सिम्युलेटर जिथे मुळातच उपयोगी पडतो ते म्हणजे बोलणं. राखीव बिटवर लिहिलं, फक्त लिहायचं रजिस्टर वाचलं, चुकीच्या रुंदीनं प्रवेश केला, तर खरी चिप बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. क्यूएमूमध्ये अशा गोष्टींसाठी ‘गेस्ट एरर’ नावाचा लॉगचा वेगळा वर्ग आहे, आणि ‘अजून न लिहिलेला भाग’ यासाठी दुसरा. आम्ही नियम केला की या लॉगमध्ये एकही ओळ असेल तर चाचणी नापास. सुरुवातीला कुरकुर झाली, कारण सगळं ‘चालत’ होतं. पण पुढच्या चिपमध्ये त्या राखीव बिटला अर्थ आला की आजचा चालणारा ड्रायव्हर उद्या मोडतो. नियम टिकला.

आता त्या बगबद्दल, ज्यानं टीममधल्या साशंक लोकांचं मत बदललं. नेटवर्कवर भरपूर भार टाकून इंटरफेस वारंवार बंद-चालू करणारी एक चाचणी होती. कधीतरी, फार क्वचित, कर्नल कोसळायचं, आणि कोसळायचं नेटवर्कशी संबंध नसलेल्या भलत्याच जागी. कोणीतरी दुसऱ्याची मेमरी खराब करत होतं. अशा बगमध्ये लॉग वाढवले की वेळेचं गणित बदलतं आणि बग गायब होतो. खऱ्या बोर्डावर यात आठवडे जातात हे आमच्यातल्या अनेकांनी अनुभवलेलं.

सिम्युलेटरवर आम्ही रेकॉर्डिंग लावलं. क्यूएमूला सूचनांच्या मोजणीवर घड्याळ चालवायला सांगता येतं. मग वेळ म्हणजे किती सूचना झाल्या ती संख्या. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट, पॅकेट असो वा कळ, कितव्या सूचनेला आली हे नोंदवलं जातं. ते रेकॉर्डिंग परत चालवलं की तीच सूचना, तोच इंटरप्ट, तोच पॅकेट, आणि तोच बग, प्रत्येक वेळी. यासाठी मॉडेलनं एक शिस्त पाळावी लागते: आपली सगळी अवस्था घोषित करायची, म्हणजे स्नॅपशॉट घेतला की तीही साठवली जाते, आणि यजमान मशीनच्या घड्याळाला किंवा थ्रेडच्या क्रमाला कुठेही विचारायचं नाही. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली होती, तिचं फळ इथे मिळालं.

कोसळण्याच्या जागेवरून खराब झालेला पत्ता मिळाला. त्या पत्त्यावर वॉचपॉइंट (तिथे लेखन झालं की थांबवणारी खूण) लावून मागे गेलो. काहीच सापडलं नाही. कोणत्याही कोरनं तिथे लिहिलंच नव्हतं. हीच खरी खूण होती: डीबगरचा वॉचपॉइंट प्रोसेसरचं लेखन बघतो, डिव्हाइसनं डीएमएनं केलेलं बघत नाही. मग मॉडेलच्या लेखनाच्या फंक्शनमध्ये त्या पत्त्याची एक तपासणी घातली आणि तेच रेकॉर्डिंग पुन्हा चालवलं. मॉडेलचं वागणं बदललेलं नव्हतं, त्यामुळे इतिहासही बदलला नाही. आणि सापडलं. इंजिनला ‘थांब’ सांगितल्यानंतरही ते आधीच उचलून ठेवलेले काही डिस्क्रिप्टर पूर्ण करत होतं. ड्रायव्हर ‘थांब’चा बिट लावून लगेच बफर मोकळे करत होता. ती मेमरी तोवर दुसऱ्याच कोणाला दिलेली असे, आणि उशिरा आलेलं पॅकेट तिच्यावर जाऊन बसे. स्पेकमध्ये हे होतं, कोष्टकाखालच्या एका बारीक टिपेत: ‘निष्क्रिय’ बिट लागेपर्यंत थांबावे. दुरुस्ती चार ओळींची झाली.

आगाऊ डिस्क्रिप्टर उचलण्याचा तो तपशील मॉडेलमध्ये घ्यायचा की नाही यावर आधी चर्चा झाली होती. तो नसता तरी सगळं चाललं असतं, कोड लहान राहिला असता. पण सॉफ्टवेअरला जे जाणवू शकतं ते मॉडेलमध्ये असलंच पाहिजे, आणि जे जाणवू शकत नाही त्यावर एक ओळही खर्च करू नये, अशी माझी भूमिका आहे. फिफोच्या (आलेल्या क्रमानं डेटा पुढे देणाऱ्या रांगेच्या) आत सर्किट कसं आहे याच्याशी ड्रायव्हरला देणंघेणं नाही. इंजिन किती पुढचं वाचून ठेवतं याच्याशी मात्र आहे. मॉडेल लिहिणाऱ्याचं कसब ही रेघ ओढण्यात आहे.

रेघेच्या पलीकडचंही स्पष्ट बोललं पाहिजे. आमचा सिम्युलेटर वेगाबद्दल काहीही सांगू शकत नव्हता. प्रत्येक सूचनेला तो सारखाच वेळ धरतो. कॅश चुकली काय नि लागली काय, त्याला फरक नाही. प्रोसेसर रिकामा बसला की तो पुढच्या टायमरपर्यंत घड्याळ उडी मारून नेतो, म्हणून झोपेचं एक मिनिट क्षणात संपतं. तरी बैठकीत विचारणा व्हायची: सेकंदाला किती पॅकेट जातात बघून सांगा ना, अंदाजे तरी. मी आकडा द्यायला ठाम नकार दिला, दर वेळी. चालणाऱ्या यंत्रातून निघालेला आकडा दिसायला फार विश्वासार्ह असतो. तो एकदा सादरीकरणात गेला की त्याच्याखालची ‘अंदाजे’ ही सूचना गळून पडते. त्या प्रश्नासाठी आर्किटेक्चर टीमचं सायकलवार मॉडेल होतं, नंतर एफपीजीएवरचा (हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपवरचा) नमुना आला.

कोर एकाहून अधिक असले की आणखी एक मर्यादा येते. रेकॉर्डिंग करताना क्यूएमू चारही कोर एकाच थ्रेडमध्ये पाळीपाळीनं चालवतो: याच्या काही सूचना, मग त्याच्या. चार कोर खरोखर एकाच क्षणी एकाच शब्दावर तुटून पडले असं त्यात कधी घडत नाही. आर्मचा मेमरी क्रम ढिला असतो. एका कोरनं आधी लिहिलेलं दुसऱ्याला नंतर दिसू शकतं. म्हणून बॅरियर, म्हणजे क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना, घालावे लागतात. पाळीपाळीच्या सिम्युलेशनमध्ये बॅरियर विसरला तरी काही बिघडत नाही. कॅश तर नव्हतीच. आमचं डीएमए इंजिन कॅशशी सुसंगत नव्हतं, म्हणजे पॅकेट पाठवण्याआधी ड्रायव्हरनं कॅशमधला मजकूर मेमरीत ढकलायला हवा, आणि आलेलं पॅकेट वाचण्याआधी कॅशमधली जुनी प्रत टाकून द्यायला हवी. सिम्युलेटरवर एकच मेमरी, सगळ्यांना सगळं तत्काळ दिसतं.

म्हणून मॉडेलच्या मुख्य फाइलच्या डोक्यावर मी एक टिपण लिहून ठेवलं होतं: हे मॉडेल कशाबद्दल बोलत नाही. कॅश, मेमरी क्रम, वेग, वीजवापर, डीरॅमचं ट्रेनिंग (सुरू होताना मेमरीच्या संकेतांची वेळ जुळवणं), बसवरची गर्दी. या प्रत्येक विषयासाठी दुसरा उपाय ठरला. बॅरियर आणि कॅशचा भाग दोन जणांनी एकत्र बसून ओळ न् ओळ वाचायचा. डीरॅमचं ट्रेनिंग आरटीएल आणि एफपीजीएवर.

वाट बघण्याच्या महिन्यांत मॉडेलनं आणखी एक काम केलं, जे खऱ्या बोर्डावर फार अवघड जातं: बिघाड घडवणं. मेमरीत ईसीसीला (चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या सोयीला) दुरुस्त न करता येणारी चूक, लिंक अर्ध्या पॅकेटवर तुटणं, डिस्कनं मध्येच नकार देणं. सॉफ्टवेअरमधला चुका हाताळणारा कोड हा सगळ्यात कमी चाललेला कोड असतो. तो लिहिला जातो, परीक्षणातून जातो, आणि पहिल्यांदा चालतो ते ग्राहकाकडे. आम्ही तो रोज रात्री चालवत होतो. बदल कोणताही असो, आधी आभासी बोर्डावर बूट, मग चाचण्या, मगच मुख्य शाखेत. बोर्ड हवा म्हणून कोणी कोणासाठी थांबत नव्हतं.

मग नमुने आले. बूटलोडरचा पहिला मजकूर सीरियल पोर्टवर त्याच दिवशी दिसला आणि कर्नलही शेलपर्यंत गेलं. नेटवर्क मात्र अडखळत होतं: काही पॅकेटांच्या शेवटच्या तुकड्यात जुना मजकूर यायचा. शोध कुठून सुरू करायचा यावर वाद झालाच नाही. रजिस्टर, रिंग, इंटरप्टचा क्रम हे महिनोन्‌महिने तावून सुलाखून झालेलं होतं. फाइलच्या डोक्यावरच्या टिपणातला पहिला शब्द ‘कॅश’ होता. लक्षण त्याच्याशी जुळत होतं. लहान पॅकेटसाठी वापरलेला बफर कॅश लाइनच्या (कॅश एका वेळी हलवते त्या ठरावीक तुकड्याच्या) सीमेवर सुरू होत नव्हता, त्यामुळे एकाच लाइनमध्ये पॅकेटचा शेवट आणि ड्रायव्हरची दुसरी माहिती शेजारी नांदत होती. प्रोसेसरनं ती माहिती लिहिली की पूर्ण लाइन परत मेमरीत जाई आणि डीएमएनं नुकतंच ठेवलेलं पुसून टाकी. बफरची जागा लाइनच्या सीमेवर आणली आणि ते थांबलं.

सिलिकॉन आल्यावर मॉडेल निवृत्त होईल असं काहींना वाटलं होतं. झालं उलटंच. चिपमध्ये एक हार्डवेअर दोष निघाला: विशिष्ट लांबीच्या पॅकेटला बेरीज तपासणीचा (चेकसमचा) बिट चुकीचा लागायचा. तो दोष मी मॉडेलमध्येही घातला, पर्याय म्हणून. आता मशीन सुरू करताना चिपची आवृत्ती निवडता येते. पहिल्या आवृत्तीत दोष आहे, दुसरीत नाही. ड्रायव्हरमधली तो दोष टाळणारी पळवाट दोन्हींवर रोज तपासली जाते, आणि पहिल्या आवृत्तीचे मोजके बोर्ड उद्या बंद पडले तरी ती तपासणी चालू राहील.

पुढच्या चिपचं काम सुरू झालं आहे. या वेळी रजिस्टरचं वर्णन एकाच जागी, आयपी-एक्सॅक्ट या प्रमाणित स्वरूपात लिहायचं हार्डवेअर टीमनं मान्य केलं. त्याच फाइलमधून स्पेकमधली कोष्टकं, ड्रायव्हरची हेडर फाइल आणि मॉडेलचा सांगाडा तयार होतो, त्यामुळे बिटची जागा तिन्हीकडे वेगळी निघण्याचा प्रश्न उरत नाही. रजिस्टर लिहिल्यावर काय घडतं हे मात्र अजून माणसालाच लिहावं लागतं. प्रश्नांची फाइल मी पहिल्या दिवशीच उघडली, आणि या वेळी डिझाइन टीममधला एक जण माझ्याबरोबर मॉडेल लिहायला बसतो. परवा त्यानं स्वतःच्याच ब्लॉकबद्दल त्या फाइलमध्ये दोन प्रश्न टाकले.